जीर्ण झाडाचा धनी : आज्ञापत्रांतील वृक्षतोडीच्या कलमाविषयीं

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं झाडें तोडण्याविषयींचें जें कलम आहे, तें मराठी वाचकांस नवें नाहीं. शाळेंतील पुस्तकांपासून वनमहोत्सवाच्या फलकांपर्यंत त्याचा उपयोग होत आला आहे. परंतु हा उपयोग बहुधा कलमाच्या मधल्या भागाचा होतो. रयतेनें पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेल्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, हा तो भाग. तो हृदयंगम आहे, म्हणून लोकांच्या तोंडीं बसला. कलमाचा शेवट वाचणारे थोडे, व त्यावर थांबणारे त्याहून थोडे. त्यांत भावनेचा अंश कमी व व्यवहाराचा अधिक आहे : एखादें झाड जीर्ण होऊन निकामी झालें असेल, तर तें कोणत्या अटींवर तोडून न्यावें, हें तेथें सांगितलें आहे. आमच्या मतें राजनीतीच्या दृष्टीनें कलमाचें खरें महत्त्व ह्या शेवटांत आहे. उभें, फळतें झाड तोडूं नये, असें कोणताही भला राज्यकर्ता सांगेल. नको झालेल्या झाडाच्या लांकडावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र पुष्कळांस प्रश्नच वाटत नाहीं.

प्रथम कलमाचा आशय क्रमानें पाहूं. आरमारास फळ्या, सोट, डोलकाठ्या वगैरेंसाठीं मोठें लांकूड लागतें. राज्यांतील अरण्यांत साग इत्यादि जीं झाडें आहेत, त्यांपैकीं सोईस पडतील तीं हुजुरास लिहून, हुजूरची परवानगी आणून तोडावीं. त्याहून अधिक लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें. आंबा, फणस ह्यांचें लांकूडही आरमाराच्या उपयोगाचें खरें. पण त्या झाडांस हात लावूं देऊं नये, कारण तीं एक-दोन वर्षांत होणारीं नव्हेत, रयतेनें तीं दीर्घ काळ जपलेलीं असतात. एकाला दुःख देऊन साधलेलें कार्य करणारासकट लयास जातें, आणि प्रजापीडेचा दोष शेवटीं राजाच्या माथीं बसतो. एवढें सांगून झाल्यावर अपवाद येतो. झाड अत्यंत जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर त्याच्या धन्याला राजी करावें, त्यास द्रव्य द्यावें, आणि त्याच्या संतोषानें तें तोडून न्यावें; बळजोरी कोणत्याही प्रकारें करूं नये. संमति, मोबदला व संतोष अशा तीन पायऱ्या चढल्यावर मग कुऱ्हाड.

हा व्यवहार कशा स्वरूपाचा असतो, हें खेड्याशीं संबंध असलेल्या वाचकास सांगावयास नको. बांधावरचा आंबा म्हातारा होतो. त्याला ढोली पडते, बांडगूळ चढतें, मोहोर येईनासा होतो, सावलीखालचें पीक खुरटतें. झाड घरावर कललेलें असलें तर दर पावसाळ्यांत जिवाला घोर. मालकापाशीं तें पाडावयास माणसें नाहींत, दोरखंड नाहीं, मोठी करवत नाहीं. मग लांकूडवाला येतो, बुंध्याभोंवतीं दोन फेऱ्या घालतो, कुऱ्हाडीच्या पाठीनें खोड ठोकून आंतल्या पोकळीचा आवाज ऐकतो, आणि उक्ता सौदा ठरतो : झाड तूं पाड, लांकूड तूं ने. कधीं मालकाच्या हातावर चार पैसे पडतात, कधीं डहाळ्यांचें सरपण तेवढें मागें राहतें, कधीं कांहींच राहत नाहीं. बुंधा व मुळें बहुधा जमिनींतच राहतात, कारण तीं खणून काढण्याची मेहनत लांकडाच्या किमतींत बसत नाहीं. असल्या सौद्यांत प्रत्येक पक्ष दुसऱ्यावर उपकार केल्याचें सांगतो. मालक म्हणतो, एवढें लांकूड तुला फुकट दिलें. लांकूडवाला म्हणतो, तुझें संकट मीं फुकट दूर केलें. दोघेही अर्धें खरें बोलतात. सौद्याचा कांटा शेवटीं कोणीकडे झुकतो, हें पाहावयाचें असेल तर घाई कोणाला अधिक आहे आणि नाहीं म्हणण्याची सोय कोणाला नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरतें.

आतां ह्या लांकूडवाल्याच्या जागीं सरकारी आरमाराचा कारकून आणून उभा करा. समोर कुणबी, कारकुनाबरोबर सुतार व दोन-चार शिपाई. झाड जीर्ण झालें आहे, हें सर्वांनाच दिसतें. 'तुझी अडचण सरकारनें काढली, मोबदल्यांत लांकूड सरकारचें,' हें म्हणणें वरवर इतकें रास्त दिसतें कीं, कुणब्यास त्यावर उत्तर सुचूं नये. आज्ञापत्रकारानें नेमकें हेंच म्हणणें अगोदर बंद करून ठेविलें आहे. झाड नको झालेलें असो, पैसे सरकारनेंच द्यावयाचे. तोडणावळ किमतींतून वजा करावी असें कलम म्हणत नाहीं, कीं अडचण दूर झाल्याचा लाभ मालकाच्या नांवें मांडावा असेंही म्हणत नाहीं. दोन पक्षांत जो बलिष्ठ, त्यानें मोबदला द्यावा, अशी ही तजवीज आहे. खुल्या बाजारांतल्या सौद्याला ती लागू पडणार नाहीं. पण जेथें एका पक्षाच्या मागें राजदंड उभा आहे, तेथें दुसरी कोणतीही तजवीज लुटीचें सभ्य नांव होऊन बसते.

कलमाच्या शब्दयोजनेकडे बारकाईनें पाहिलें म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. 'धनी' हा शब्द ह्या एका कलमांत दोनदां आला आहे. एकदां तो राजाला उद्देशून आहे : प्रजेला पीडा दिल्याचा दोष धन्याच्या पदरीं पडतो. दुसऱ्यांदा, अवघ्या कांहीं शब्दांच्या अंतरानें, तोच शब्द झाडाच्या मालकाला लाविला आहे. राज्याचा धनी राजा, आणि बांधावरच्या आंब्याचा धनी कुणबी. लेखकानें हें हेतुपुरस्सर केलें असेंच आम्ही म्हणत नाहीं. दप्तरी भाषेंत धनी हा शब्द मालक ह्या अर्थीं सर्रास चालतो. पण सहज आलेला शब्दच लिहिणाराची समजूत अधिक विश्वासानें सांगतो. झाड रयतेनें लावलें म्हणून तें रयतेचें, ही गोष्ट सिद्ध करण्याची गरज लेखकाला वाटलेली नाहीं. ती त्यानें गृहीत धरली आहे.

दुसरा शब्दप्रयोग 'कामांतून गेलेलें' हा. येथें अर्थाची एक अडचण आहे व तिच्याकडे अभ्यासकांचें लक्ष जावयास पाहिजे. झाड खरोखरच निकामी झालें असेल, तर आरमाराला तें हवें कशाला? कुजलेल्या लांकडाचीं गलबतें होत नाहींत. तेव्हां येथें 'काम' आरमाराचें नव्हे, धन्याचें समजलें पाहिजे. आंबा फळेनासा झाला, फणस धरीनासा झाला, म्हणजे कुणब्याच्या दृष्टीनें तो कामांतून गेला. त्याचें खोड मात्र तेव्हांच भरलेलें असतें. फणसाचा पिंवळा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाहीं. आंब्याचें लांकूड सागाइतकें टिकाऊ नव्हे, तरी लहान नावांच्या फळ्यांस कोंकणांत तें वापरतात. आणि जुन्या झाडाच्या जाड, वांकड्या फांद्या नावेच्या पोटांतील बांकदार लांकडांस नैसर्गिकपणेंच जुळतात. म्हणजे एकाला जें नको झालें, तें दुसऱ्याला हवें असण्याची हीच वेळ. हा अर्थ धरला म्हणजे झाड जीर्ण झालें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकारही आपोआप धन्याकडे जातो. कारण त्याच्या कामाला तें उरलें कीं नाहीं, हें त्याच्यावांचून कोण सांगणार?

मराठी सनदा चाळणाऱ्यांस येथें आणखी एक गोष्ट आठवेल. गांव इनाम देतांना जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप ह्यांसहित तो दिला, असा ठरीव मजकूर शेंकडों सनदांत येतो. सराईत वाचक तो न वाचतांच पुढें जातो. परंतु त्यांत तरु व काष्ठ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. उभें झाड ही एक मिळकत, लांकूड ही दुसरी. पहिलीपासून फळ, सावली, पाला मिळतो. दुसरी पहिलीच्या मरणानें जन्मास येते. हीं दोन्ही एकाच्याच हातीं असलीं पाहिजेत असें नाहीं. झाड पाडून लांकूड नेण्याच्या सौद्यांत जी गुंतागुंत होते, ती ह्याच क्षणाची : तरूचें काष्ठ होत असतांना मालकी कोणाकडे होती? त्याच सनदांत पुढें हक्कदार व इनामदार खेरीजकरून अशी मर्यादा घातलेली असते, हेंही विसरतां कामा नये. सरकारनें तरु व काष्ठ इनामदारास दिलें, तरी आधींच्या हक्कदाराचें तेवढें वगळून दिलें. आज्ञापत्राच्या कलमामागें हीच जुनी वहिवाट उभी आहे; लेखकानें ती आरमाराच्या कामाला लावून दाखविली.

ज्या परिस्थितींत हें लिहिलें गेलें तीही ध्यानांत घ्यावी. आज्ञापत्राचा काल इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचा. १७१४ मध्यें पन्हाळ्यावर राज्यक्रांति होऊन ताराबाई व तिचा पुत्र अटकेंत पडले, आणि राजसबाईचा पुत्र संभाजी गादीवर आला. त्याच सुमारास, बाळाजी विश्वनाथाच्या शिष्टाईनें कान्होजी आंग्रे शाहूच्या पक्षास मिळाला होता. म्हणजे कोल्हापूरकरांच्या हातून उत्तर कोंकणचा किनारा व तेथील जहाजें गेलेलीं. मालवणचा सिंधुदुर्ग, जो शिवाजीमहाराजांनीं १६६४ त बांधावयास घेतला होता, तो मात्र त्यांच्याकडे राहिला, व पुढें १८१२ च्या तहानें मालवण इंग्रजांस जाईपर्यंत कोल्हापूरचें आरमार तेथेंच होतें. अशा वेळीं आरमार नव्यानें उभारण्याची निकड केवढी असेल, ह्याची कल्पना करावी. निकडीच्या वेळीं नियम शिथिल होतात. येथें तो अधिक घट्ट केला आहे. लिहिणारा अमात्यही लांकडाला अपरिचित नव्हता. बावडा हें त्याचें ठाणें. तें घाटमाथ्यावर, खालीं कोंकण व भोंवतीं रान. फळतें झाड व रानचें झाड ह्यांतला भेद त्याला कागदावरून शिकावा लागला नसेल.

दुर्गाच्या प्रकरणांत तो ह्याच भेदाची दुसरी बाजू सांगतो. गडाच्या घेऱ्यांतील झाडी प्रयत्नानें वाढवावी, तिच्यांतली एक काठीही तोडूं देऊं नये. आणि गडावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ अशीं मोठीं झाडें लावून जतन करावीं, म्हणजे प्रसंगीं तीं लांकडाच्या कामास येतील. ही तरतूद आरमाराच्या कलमाशेजारीं ठेवून वाचावी. सरकारला आंब्याचें लांकूड हवें होतें, हें उघड आहे. पण तें स्वतःच्या गडावर स्वतः लावलेल्या झाडाचें. तेथें तोडण्यास कोणाला राजी करावयाचें कारण नाहीं, कारण लावणारा व धनी एकच.

येथें एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. फलकांवर हें कलम शिवाजीमहाराजांचें आज्ञापत्र म्हणून छापलें जातें. महाराज १६८० त निवर्तले; हा लेख त्यानंतर पस्तीस वर्षांनीं, दुसऱ्या संभाजीच्या कारकीर्दींतला आहे. रामचंद्रपंत महाराजांच्या राज्याभिषेकसमयीं अष्टप्रधानांत अमात्य होता, व त्यानें महाराजांचीच नीति लिहून ठेविली असें म्हणण्यास पुष्कळ आधार आहे. परंतु नीति महाराजांची व लेख अमात्यांचा, एवढा भेद इतिहासाच्या अभ्यासकानें तरी राखावा. महाराजांच्या स्वतःच्या काळचा पुरावा पाहिजे असेल तर मे १६७३ मधील चिपळुणाकडील छावणीच्या अंमलदारांस लिहिलेलें प्रसिद्ध पत्र आहे. लष्करच्या लोकांनीं कुणब्याकडून दाणा, भाकर, गवत, लांकूडफांटा, भाजीपाला उचलून आणूं नये, लागेल तें बाजारांत जाऊन पैसे टाकून घ्यावें, नाहीं तर रयत तुम्हांला मोंगलांहून वाईट समजेल, असा त्याचा मतलब आहे. लांकूडफांटा म्हणजे ज्याला कोणी किंमतच देत नाहीं अशी वस्तु. ती पत्रांत दाण्याच्या पंक्तीला बसविली आहे. आज्ञापत्राचें कलम ह्या पत्राच्या वंशांतलें आहे, एवढें निःशंक म्हणतां येईल. (दादोजी कोंडदेवानें शिवापूरच्या बागेंतील फळास हात लावल्याबद्दल अंगरख्याची एक बाही आंखूड करून घेतली, ही गोष्ट ह्या प्रसंगीं कोणी तरी सांगतोच. गोष्ट गोड आहे. पुरावा म्हणून तिला जागा नाहीं.)

हें कलम किती नेमकें आहे, तें इतर आरमारी राष्ट्रांच्या वहिवाटीशीं ताडून पाहिल्यावांचून कळणार नाहीं. फ्रान्सांत कोल्बेरच्या खटपटीनें १६६९ त जो वनविषयक हुकूमनामा निघाला, त्यानें समुद्रापासून दहा लीग व नाव्य नद्यांपासून दोन लीग अंतराच्या आंत खासगी मालकांनीं मोठीं झाडें तोडण्यापूर्वीं सहा महिने सरकारास कळवावें, असें ठरलें. आरमाराला पसंत पडेल तें झाड मग आरमाराचें. मालकास किंमत मिळे. नाहीं म्हणण्याची मुभा मात्र नसे. मोबदला आहे, पण संमति नाहीं.

इंग्लंडची हकीकत अधिक बोधप्रद आहे, कारण तेथें भानगड जीर्ण झाडांवरूनच झाली. राजाच्या रानांतील म्हाताऱ्या, पोकळ, जहाजाच्या कामास न येणाऱ्या झाडांस तेथें 'डोटर्ड' म्हणत. १६०८ च्या मोजणींत इमारती झाडें व जीर्ण झाडें निरनिराळीं मोजलीं आहेत. रानांच्या अंमलदारांस पगार थोडा, आणि वाऱ्यानें पडलेलें लांकूड, शेंड्या-फांद्या व निकामी झाडें ह्यांवर त्यांचे हक्क अधिक. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्याला निकामी झाडाचें लांकूड मिळतें, त्याच्याच हातीं झाड निकामी ठरविणें असलें, म्हणजे धडधाकट झाडें भराभर म्हातारीं होऊं लागतात. १७८७ नंतर पार्लमेंटाच्या आज्ञेनें नेमलेल्या चौकशीमंडळानें आपल्या अहवालांत पगाराऐवजीं असे हक्क देण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली. गोद्यांतही तोच प्रकार. सुतारांस लांकडाचे टाकाऊ तुकडे घरीं नेण्याचा हक्क असे. तुकडा तीन फुटांहून लांब नसावा एवढीच अट. तेव्हां चांगलें लांकूड तीन फुटांवर कापलें जाऊं लागलें. शेवटीं १८०१ मध्यें तो हक्क काढून त्याऐवजीं रोख भत्ता सुरू करावा लागला. आज्ञापत्राच्या तजविजींत ही फट नाहीं. झाड निकामी ठरल्यानें द्रव्य मिळतें तें धन्यास. सुतारास, कारकुनास वा शिपायास त्या ठरण्यांतून कांहीं लाभ नाहीं. लेखकानें इंग्लंडची चौकशी वाचली नव्हती हें उघडच आहे. कारण ती सत्तर वर्षांनंतरची. कारकुनांचा स्वभाव मात्र त्याला पुरता ठाऊक होता, असें आज्ञापत्राच्या इतर प्रकरणांवरूनही दिसतें.

इंग्रजी आरमाराची लांकडाची भूक पुढें आमच्याच किनाऱ्यावर आली. मुंबईची सुकी गोदी १७५० त झाली. लवजी नसरवानजी वाडिया व त्याचे वंशज तेथें सागवानी जहाजें बांधूं लागले. इंग्लंडचें ओक संपत आलें, तसा मलबारी साग महत्त्वाचा झाला. १८१७ त मुंबईस पाण्यांत लोटलेलें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज त्याच लांकडाचें असून आजही इंग्लंडांत जतन करून ठेविलेलें आहे. ह्या लांकडासाठीं १८०६ मध्यें कॅप्टन वॉटसन ह्याची मलबारांत वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढच्याच सालीं जाहीरनामा निघाला कीं, पूर्वींच्या सरकारचा सागाच्या झाडांवरील राजहक्क आतां कंपनीचा आहे. मलबारांतील रानें पुष्कळशीं खासगी जन्मी मालकांचीं. त्यांच्या रानांतील साग परस्पर कंपनीचा झाला. मुंबईच्या गोदीला लांकूड स्वस्त मिळालें, मालक व व्यापारी मात्र चवताळले. आणि मद्रासेचा गव्हर्नर टॉमस मन्रो ह्यानें १८२३ मध्यें ती जागाच रद्द केली. सतरा वर्षांत तो प्रयोग मोडला. एकास दुःख देऊन केलेलें कार्य टिकत नाहीं, ह्या आज्ञापत्राच्या म्हणण्याला एवढें ठळक उदाहरण क्वचितच सांपडेल.

मुंबई इलाख्यांत वनखातें आलें तें १८४७ त, डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्याच्या नेमणुकीनें. वनखात्याचा इतिहास हा ह्या लेखाचा विषय नव्हे. येथें फक्त एका कायद्याच्या भाषेकडे लक्ष वेधावयाचें आहे. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्याच्या ४० व्या कलमान्वयें, आधींच मोजणी पुरी झालेल्या गांवांत, राखीव ठेविलेलीं झाडें सोडून खातेदाराच्या जमिनींतील झाडांवरचा सरकारचा हक्क खातेदारास दिला गेल्याचें समजावें, असें ठरलें. वरवर पाहतां कुणब्याचा लाभच झाला. पण वाक्याची रचना पाहावी. झाड मुळांत सरकारचें. सरकारनें तें सोडून दिलें म्हणून खातेदाराचें. आज्ञापत्रांतला कुणबी आपल्या झाडाचा धनी होता, त्याला कोणी झाड सोडून दिलें नव्हतें. दोन्ही व्यवस्थांत आंबा त्याच बांधावर उभा आहे व फळेंही तोच कुणबी खातो. परंतु झाड पाडण्याचा दिवस उगवतो, तेव्हां ह्या दोन वाक्यांतलें अंतर त्याच्या हातावर पडणाऱ्या पैशांत मोजलें जातें. १९६६ च्या महाराष्ट्र जमीनमहसूल संहितेनें धारकाच्या जमिनींतील झाडांचा हक्क धारकाकडेच आहे असें सरळ शब्दांत म्हटलें. तत्पूर्वीं १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या अधिनियमानें मात्र आंबा, फणस, चिंच, हिरडा इत्यादि झाडें अनुसूचींत घालून तीं तोडण्यास परवानगीची अट घातली. गंमत अशी कीं, आज्ञापत्रांत परवानगी रानच्या सागाला लागे व ती सरकारच्याच माणसांनीं घ्यावयाची होती. बांधावरच्या आंब्याला संमति लागे ती धन्याची. आतां धन्यानें आपल्याच आंब्यासाठीं परवानगी मागावयाची. झाडें वांचविण्यास हें अवश्य असेल. तथापि जुन्या कलमाचा दाखला ह्या व्यवस्थेच्या समर्थनार्थ देणाऱ्यांनीं हा पालट ध्यानांत ठेवावा.

कोणी म्हणेल, आज्ञापत्र हा उपदेशाचा ग्रंथ. त्यांत लिहिलें तें घडलें, ह्याला प्रमाण काय? आक्षेप योग्य आहे. उपदेशाची छाननी हिशेबानेंच होते. शनिवारवाड्यासाठीं जुन्नरच्या रानांतून साग आणला, असल्या मोठ्या कामांच्या हकीकती टिकतात. बांधावरच्या एका आंब्याची हकीकत टिकावयाची ती कारखान्याच्या रोजकीर्दींत, गांवच्या जमाखर्चांत किंवा देशमुखाच्या दप्तरांतील एखाद्या चिठींत. अशा नोंदींत पाहावयाचें तें हें : लांकडापुढें झाडाच्या मालकाचें नांव आहे कीं नुसतें गांवाचें, रक्कम 'किंमत' म्हणून पडली आहे कीं 'तोडणावळ' म्हणून, आणि ती खर्चीं पडली असेल, तर पावती कोणाच्या नांवें आहे. तोडणावळ तेवढी लिहिली असेल, तर लांकूड फुकट आलें असा संशय घ्यावा. किंमत व तोडणावळ दोन्ही निरनिराळ्या असतील, तर कलम पाळलें गेलें.

असले कागद लहान असतात, रकमा चार-दोन रुपयांच्या, अक्षर घाईचें. रुमाल सोडतांना संग्राहकाचा हात सनदा व तहनामे ह्यांकडे प्रथम जातो, व ह्या चिठ्या तळाशीं राहतात किंवा दुसऱ्या कागदांस आधार म्हणून दुमडल्या जातात. कोंकण व घाटमाथा येथील घराण्यांच्या, विशेषतः मालवण, राजापूर व बावडा ह्या बाजूंच्या दप्तरांत त्या आढळल्यास त्यांची नक्कल तारखेसह, झाडाच्या जातीसह, व शक्य तर मूळ मोडी ओळींसह करून ठेवावी. एकट्या नोंदीवरून कांहीं ठरणार नाहीं. एकाच महालाच्या दहा-पंधरा नोंदी शेजारीं मांडल्या म्हणजे किंमत धन्यास पोंचली कीं वाटेंत राहिली, तें दिसूं लागेल.